ठाणे खाडीवरचे विद्यापीठीय संशोधन स्वतः कसे शोधावे आणि कसे वाचावे

ऐरोलीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले, तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण होते. ठाणे खाडीतल्या माशांत शिसे असल्याचे 'विद्यापीठाच्या संशोधनातून सिद्ध झाले आहे' असे त्यात छापले होते आणि त्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले होते. एका गटाने दिवा कोळीवाड्यातून येणाऱ्या मासळीवाल्या मावशींकडून काही घ्यायचे नाही असे परस्पर ठरवून टाकले होते, तर अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात असे दुसऱ्या गटाचे म्हणणे होते. सचिवांचा प्रश्न मात्र नेमका होता. "मॅडम, यातले मूळ संशोधन वाचायला मिळेल का, आणि मिळाले तर माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला ते कळेल का?"

दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्या गोष्टीसाठी साधारण तासभर लागतो, दुसऱ्या गोष्टीसाठी थोडी सवय. ग्रंथालयात बसून असे प्रश्न सोडवताना जी पद्धत हाताशी आली, ती येथे लिहिते आहे. उदाहरण खाडीचे असले तरी आपल्या परिसराविषयीच्या कोणत्याही प्रश्नासाठी ती चालते.

कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहा

'विद्यापीठाचे संशोधन' हा शब्दप्रयोग बातमीत सोयीचा असला तरी वाचकाच्या उपयोगाचा नाही, कारण विद्यापीठातून एकाच वेळी अनेक प्रकारचे लेखन बाहेर पडत असते आणि त्या प्रत्येकाची तपासणी निराळ्या माणसांनी, निराळ्या काटेकोरपणे केलेली असते. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याने एका सत्रात केलेला प्रकल्प आणि पाच वर्षे खाडीच्या चिखलात उतरून केलेला पीएचडीचा प्रबंध, या दोघांनाही बातमीत 'संशोधन' असेच म्हटले जाते. म्हणून कागद हाती आला की त्यात काय म्हटले आहे याच्या आधी तो कोणी, कशासाठी लिहिला आणि कोणी तपासला, हे विचारावे.

स्थानिक प्रश्नासाठी माझा कौल नेहमी पीएचडीच्या प्रबंधाला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीसाठी किमान तीन वर्षे लागतात, साधारण कमाल मुदत सहा वर्षांची असते, आणि प्रबंध मार्गदर्शकाखेरीज त्या संस्थेबाहेरच्या किमान दोन तज्ज्ञ परीक्षकांनी तपासावा लागतो. त्यानंतर मौखिक परीक्षा होते, जिला सगळे 'व्हायवा' म्हणतात. परंतु प्रबंधाचे खरे मोल त्याच्या ऐसपैसपणात आहे. शोधनिबंधात जागा मोजकी असते, त्यामुळे नमुने कोठून घेतले याचे एक वाक्य लिहून पुढे जावे लागते. प्रबंधात मात्र विटाव्याजवळचे ठिकाण कोणते, वाशी पुलाजवळचे कोणते, भरती होती की ओहोटी, कोणत्या महिन्यात जाळे रिकामे आले, हे सारे नकाशे आणि कोष्टके देऊन नोंदवलेले सापडते. ऐरोलीत राहणाऱ्या माणसाला नेमके हेच हवे असते. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे, आणि तिच्या ठाण्याकडच्या अरुंद टोकाचे पाणी समुद्राकडच्या रुंद मुखाच्या पाण्यासारखे नसते.

शोधनिबंध हा दुसरा प्रकार. तो नियतकालिकात छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो आणि ही पद्धत उपयुक्त आहेच. परंतु परीक्षक हस्तलिखित वाचतो, प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, हे विसरता कामा नये. मे २०२० मध्ये 'द लॅन्सेट' या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि करोना यांविषयी प्रसिद्ध केलेला निबंध दोन आठवड्यांच्या आत, ४ जून रोजी, मागे घेतला गेला, कारण ज्या माहितीवर तो उभा होता ती स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकली नाही. नियतकालिक नावाजलेले असल्याने वाचकाचे काम थोडे हलके होते, संपत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला लेखकाकडून पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके आहेत. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने केलेली विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'हे केअर यादीत आहे' एवढ्यावर निर्धास्त होण्याची सोयही आता राहिलेली नाही. संपादक मंडळावरची माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का आणि जुने अंक नियमित निघाले आहेत का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

परिषदांच्या संग्रहातले लेख बहुधा घाईचे असतात. दिशा कळण्यासाठी वाचावेत, आकड्यांसाठी नव्हे. एका चर्चासत्राच्या संग्रहातले कोष्टक मी एकदा विश्वासाने एका वाचकाला काढून दिले आणि पुढे लक्षात आले की ते वीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच खाडीवरच्या लेखातून, वर्ष न सांगता, जसेच्या तसे उचललेले होते. तेव्हापासून कोष्टकाखालची बारीक अक्षरातली ओळ मी आधी वाचते.

प्रकल्प अहवाल हा एक प्रकार सामान्य वाचकाच्या नजरेतून सहसा सुटतो. पूल, जेट्टी, भराव, सांडपाण्याचे केंद्र अशा कामांच्या आधी एखाद्या शैक्षणिक संस्थेकडून परिणामांचा अभ्यास करवून घेतला जातो. त्यात मोजमाप भरपूर असते आणि ते पुष्कळदा उत्तमही असते, पण कोणता प्रश्न विचारायचा हे पैसे देणाऱ्याने ठरवलेले असते. असा अहवाल वाचताना उत्तरे चूक आहेत का याबरोबरच कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही, हेही शोधावे.

पेटंटविषयीच्या बातम्यांत तर शब्दांचीच गफलत असते. अर्ज दाखल झाला, तो प्रसिद्ध झाला आणि पेटंट मंजूर झाले, या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. भारतात अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो; त्याचा अर्थ कोणी तो तपासून मान्य केला असा होत नाही. मंजुरी मिळाल्यास हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकतो. 'प्राध्यापकांना पेटंट' असा मथळा दिसला की यांपैकी कोणती पायरी हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते.

प्रयोगशाळेतले काम थेट रुग्णापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या शेजारीच आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवरची 'नेक्सकार१९' ही पेशी-उपचारपद्धती मुंबई आयआयटी, तिच्यातूनच उभी राहिलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून आकाराला आली. टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र खारघरला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारपद्धतीला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. अशा कामात पेटंट, रुग्णचाचण्यांचे निबंध आणि पीएचडीचे प्रबंध हे एकाच झाडाला लागलेले निरनिराळे फळ असतात, आणि एकाचा शोध घेताना बाकीचे हाताला लागतात.

नुसत्या नोंदी, ज्यांना मराठीत हल्ली 'विदा' म्हणतात, हेही संशोधनाचे फळच आहे, आणि त्याचे आयुष्य सर्वांत दीर्घ असते. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. ती विद्यापीठ नव्हे, परंतु तेथे काम करून संशोधक विद्यापीठाची पीएचडी घेतात. या संस्थेचे मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ आले, त्याची नोंद कुलाब्याच्या निरीक्षकांनी हाताने वहीत लिहून ठेवली होती. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तीच नोंद काढून त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकमापनात अडथळा नको म्हणून वेधशाळेचे हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. वहीत आकडे भरणाऱ्या कारकुनाला आपण संशोधन करतो आहोत असे वाटले असेल का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

विज्ञानाबाहेरही बरेच काही आहे, आणि नवी मुंबईकरांनी ते विशेष करून वाचावे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या; जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, मराठी अशा विभागांना या इतिहासाने अभ्यासाचे विषय दिले आहेत. येथे पुरावा म्हणजे मुलाखती, सातबारा, न्यायालयाचे निकाल. मुलाखती वीसच घेतल्या म्हणून असे काम कमी दर्जाचे ठरत नाही; मुलाखती कोणाच्या घेतल्या, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्याच की जमीन नावावर नसलेल्या मिठागर कामगारांच्या आणि मासेमारांच्याही, हा तेथला योग्य प्रश्न.

शोध कोठे आणि कोणत्या शब्दांनी घ्यावा

प्रबंधांसाठी पहिला थांबा 'शोधगंगा'. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी प्रबंधांची डिजिटल प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हा साठा उभा केला. तो सर्वांसाठी मोफत आहे. प्रत्येक प्रबंध प्रकरणांनुसार वेगवेगळ्या फायलींत ठेवलेला असतो, त्यामुळे तीनशे पाने उतरवून घेण्याची गरज नसते. ज्यांचे काम अजून चालू आहे अशा संशोधकांचे आराखडे 'शोधगंगोत्री' या जोडसंकेतस्थळावर दिसतात.

शोधशब्दांची बाब क्षुल्लक वाटते, पण सर्वाधिक माणसे येथेच अडतात. ठाणे हे नाव जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी 'ई' ऐवजी 'ए' घालून 'ठाणा' असे लिहिलेले असते. १८८२ चे जिल्हा गॅझेटियरही याच नावाने निघाले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, पण १९९६ पर्यंत त्याचे अधिकृत नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' होते. नवी मुंबईलाही पूर्वी 'न्यू बॉम्बे' म्हणत. जुन्या-नव्या स्पेलिंगांनी दोनदा शोध घेतला नाही तर १९९६ पूर्वीचे काम अस्तित्वातच नाही असे वाटू लागते. शिवाय 'प्रदूषण' या शब्दापेक्षा धातूचे नाव, 'मासे' या शब्दापेक्षा बोय, निवटी किंवा जिताडा यांचे शास्त्रीय नाव घातले तर जाळे बारीक विणीचे होते. मराठी विभागांतले प्रबंध देवनागरीत नोंदलेले असू शकतात, म्हणून तिसरा शोध मराठीत घ्यावा.

एक चांगला प्रबंध सापडला की पुढचा रस्ता त्याच्या मागच्या पानांतून जातो. संदर्भसूचीत त्याच खाडीवर आधी काम केलेल्यांची नावे असतात आणि मार्गदर्शकाचे नाव घालून शोधले तर त्याच प्रयोगशाळेतले आधीचे व नंतरचे विद्यार्थी मिळतात. मार्गदर्शकांची ही परंपरा गुरुकुलासारखी असते. एकाच खाडीवर तीन पिढ्यांनी मोजलेले आकडे एका रांगेत लावता येतात.

शोधनिबंध पुष्कळदा पैशांच्या कुंपणाआड असतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना जवळपास १३,००० नियतकालिके खुली झाली, पण ती संस्थेतल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी. घरी बसलेल्या नागरिकाने गूगल स्कॉलरवर निबंधाच्या नावाखालचा 'सर्व आवृत्त्या' हा दुवा उघडावा; लेखकाने आपल्या संस्थेच्या साठ्यात ठेवलेली मोफत प्रत अनेकदा तेथे असते. ज्या गोष्टी संगणकावर नाहीतच, त्यांच्यासाठी कलिन्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि आपल्या ठाण्यातले १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. स्थानिक इतिहासाचा प्रश्न असेल तर मी माणसाला संगणकापुढे बसवण्याआधी ग्रंथसंग्रहालयात पाठवते.

वाचताना : शिसे कोरड्या माशात की ओल्या?

सचिवांबरोबर आम्ही खाडीवरच्या प्रबंधांची प्रकरणे उघडून बसलो, तेव्हा त्यांनी साहजिकच निष्कर्षाचे प्रकरण आधी उघडले. मी त्यांना पद्धतीच्या प्रकरणाकडे वळवले. सारांश वाचायला हरकत नाही, परंतु तेथेच थांबलेला वाचक आणि बातमी वाचणारा यांत फार अंतर राहत नाही.

माशातल्या धातूंच्या बाबतीत पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत माशाचे मांस बहुधा वाळवून, भुकटी करून, आम्लात विरघळवून तपासले जाते, त्यामुळे आकडा पुष्कळदा कोरड्या वजनावर दिलेला असतो. खाण्यासाठीच्या मर्यादा मात्र ओल्या, म्हणजे बाजारातून आणतो तशा माशाच्या वजनावर असतात. माशाच्या मांसात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असते. आता समजा, एखाद्या कोष्टकात शिसे किलोमागे १ मिलिग्रॅम दिले आहे. माशातल्या शिशासाठीची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हा मासा मर्यादेच्या तिपटीहून अधिक, असे वाटते आणि मथळा तयार होतो. पण तो १ मिलिग्रॅम कोरड्या वजनाचा असेल आणि मांसात ८० टक्के पाणी धरले, तर ओल्या वजनावर तो ०.२ होतो, म्हणजे मर्यादेच्या आत. तोच आकडा ओल्या वजनाचा असेल तर मथळा बरोबर आहे. सगळा फरक कोष्टकाच्या माथ्यावरच्या एका शब्दाचा. सचिवांनी लगेच खिशातले कात्रण काढले, दोनदा वाचले आणि टेबलावर ठेवले. त्यात 'किलोमागे' एवढेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे माशाचा कोणता भाग तपासला. यकृतात आणि कल्ल्यांत धातू सामान्यतः मांसापेक्षा जास्त साठतात, आणि आपण ते बहुधा टाकून देतो. तिसरी गोष्ट जात आणि जागा : चिखलात राहणारी निवटी आणि भरतीबरोबर ये-जा करणारी बोय यांच्या अंगात एकाच खाडीतले धातू सारखे उतरत नाहीत. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या नाल्याच्या तोंडाशी पकडलेला मासा आणि बाजारात आलेला, बहुधा खोल समुद्रातला मासा यांची गल्लत तर करूच नये. चौथी गोष्ट काळ. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि सगळी मोजमापे हलतात. एकाच ऋतूत नमुने घेतले असतील तर वर्षभराविषयी बोलता येत नाही. आणि नमुने कधीचे आहेत, हे प्रकाशनाच्या वर्षावरून ठरवू नये. छापण्याचे वर्ष आणि जाळे टाकल्याचे वर्ष यांत चार-पाच वर्षांचे अंतर सहज पडते.

याच्या जोडीने एक सवय लावून घ्यावी : दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली, असे लेखकाने म्हटले आहे की आपणच मनात म्हणतो आहोत, हे तपासावे. खाडीत हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढले, शेवाळामुळे रोहित वाढले, असे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. ते शक्य कोटीतले आहे. परंतु त्यावरून 'सांडपाणी खाडीला मानवते' असा अर्थ कोणी काढला, तर तो काढणाऱ्याचा. पक्षी मोजणाऱ्याच्या माथी तो मारू नये.

अडले तर लेखकाला विचारावे

लोक हे करायला संकोचतात, आणि त्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी एका लेखकाचा ई-मेल पत्ता दिलेला असतो, आणि आपले काम कोणीतरी नीट वाचले हे कळल्यावर बहुतेक संशोधक मनापासून उत्तर देतात. पत्र लहान असावे, प्रश्न एकच असावा, आणि उत्तर कशासाठी हवे आहे हे सांगितलेले असावे. 'आपल्या संशोधनाबद्दल सविस्तर माहिती पाठवावी' अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

बातमीत विद्यापीठाचा उल्लेख होता, संशोधकाचा नव्हता. पण दिलेल्या विषयावरून आणि विभागावरून मार्गदर्शक कोण असावेत हे आम्हाला शोधता आले. सचिवांनी तेथेच, आमच्या कोपऱ्यातल्या संगणकावर, मराठीत मजकूर टंकला :

"आदरणीय सर, मी ऐरोली येथील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. ठाणे खाडीतील माशांविषयीच्या आपल्या संशोधनाची बातमी वाचली. त्यातील शिशाचे प्रमाण ओल्या वजनावर आहे की कोरड्या, एवढेच कृपया कळवावे. आमचे रहिवासी मासे घ्यावेत की नाही याचा विचार करीत आहेत. आपला नम्र."

पाठवण्यापूर्वी त्यांनी शेवटून दुसरे वाक्य ठेवावे की काढावे, असे मला विचारले. ठेवा म्हटले. मग त्यांनी फोन काढून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले की आकडा कशाचा आहे ते विचारले आहे, उत्तर येईपर्यंत मावशींना जिन्यावरून परत पाठवू नये.